३.४२ की ४.१०? ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल ट्रकचा ॲक्सल रेशो कसा निवडायचा

अमेरिकेत नवा डिझेल पिकअप ट्रक मागवताना फॉर्मवर एक छोटी ओळ असते: ॲक्सल रेशो. ३.३१, ३.४२, ३.५५, ३.७३, ४.१०, ४.३० यांपैकी कंपनी त्या मॉडेलवर जे एक-दोन आकडे देत असेल, त्यातला एक निवडायचा. रंग, सीट, स्क्रीन, कॅमेरे यांच्या गर्दीत ही ओळ हमखास दुर्लक्षित राहते. जुना ट्रक घेताना तर ती विचारलीही जात नाही. पण मागे सहा-सात टनांचा ट्रेलर लावून रॉकी पर्वताचे चढ चढायचे असतील, तर या आकड्याचा अर्थ कळलेला असलेला बरा. टेक्सास, कोलोराडो, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं चाकावरचं घर) घ्यायचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी तो सविस्तर मांडतो. इंजिनात रस असलेल्या इथल्या वाचकांनाही तो परका वाटणार नाही, कारण कसारा घाटातल्या ट्रेलरलाही हेच गणित लागू पडतं.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्यात दोन दातेरी चाकं असतात. गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरवतो तो छोटा पिनियन, आणि पिनियन फिरवतो तो मोठा क्राऊन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील तर ३.७३. पिनियनला १० दात असतील तर ४.१०, आणि १२ असतील तर ३.४२. म्हणजे या तीन प्रसिद्ध आकड्यांमधला फरक बऱ्याचदा पिनियनच्या एकेका दाताचा असतो. ४१ ही मूळ संख्या मुद्दाम घेतलेली असते. तिला १०, ११ किंवा १२ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा एखादा दात प्रत्येक फेरीत क्राऊनच्या त्याच दातावर येत नाही. सगळे दात एकमेकांना आळीपाळीने भेटतात आणि झीज सारखी होते.

४.१० म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला ४.१ वेळा फिरावं लागतं. शाफ्टवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) चाकापर्यंत जाताना ४.१ पट होतो, वेग तितक्याच पटीत कमी होतो. आकडा मोठा तितकी चाकावरची ओढ जास्त आणि इंजिनाचे फेरेही जास्त. इथवरचं गणित सरळ आहे, आणि ‘ओढायचं असेल तर ४.१०च घ्या’ हा सल्ला इथूनच निघतो. पण गणित इथे थांबत नाही.

एक प्रत्यक्ष ट्रक घेऊ: रॅम २५००, ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल. कमिन्स हे नाव पुणेकरांना कोथरूडच्या कारखान्यामुळे चांगलंच ओळखीचं आहे. २०१९ नंतरच्या काही वर्षांत या इंजिनाच्या साध्या आवृत्तीची ताकद ३७० हॉर्सपॉवर होती आणि टॉर्क ८५० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ११५० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स सहा गिअरचा ऑटोमॅटिक. त्याचे रेशो असे: पहिला ३.२३, दुसरा १.८४, तिसरा १.४१, चौथा १.००, पाचवा ०.८२, सहावा ०.६३. टायर २७५/७०आर१८, म्हणजे साधारण ३३ इंची. ताशी १०५ किलोमीटर वेगाला (तिथले ६५ मैल) हे चाक मिनिटाला सुमारे ६८० वेळा फिरतं.

आता ६८० ला ॲक्सलच्या आकड्याने आणि चालू गिअरच्या आकड्याने गुणा. सहाव्या गिअरमध्ये ३.४२चा ट्रक सुमारे १४६५ आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालतो, ३.७३चा १६०० वर, ४.१०चा १७५५ वर. रिकामा ट्रक घेऊन रोज ऑफिसला जाणाऱ्याला १४६५ सुखाचे: आवाज कमी, डिझेलही थोडं कमी. पण मागे ट्रेलर असेल तर १४६५ वर हे इंजिन आपल्या टॉर्कच्या शिखराच्या खाली असतं. साधा पुलाचा चढ आला तरी ते दबतं. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं ओढायला लावलं की सिलिंडरमधला दाब आणि एक्झॉस्टचं तापमान दोन्ही चढतात. म्हणून गिअरबॉक्स एक गिअर खाली उतरतो, आणि तेच योग्य असतं.

आता याच ट्रकच्या चौथ्या आणि पाचव्या गिअरकडे जरा नीट बघा. ४.१०चा ट्रक पाचव्यात असेल तर एकूण रेशो ४.१० गुणिले ०.८२, म्हणजे ३.३६. ३.४२चा ट्रक चौथ्यात असेल तर ३.४२ गुणिले १.००, म्हणजे ३.४२. दोन्ही जवळजवळ सारखेच. १०५च्या वेगाला पहिल्याचे फेरे २२८५, दुसऱ्याचे २३२५. रस्त्यावरच्या चाकाला यातला ट्रक कुठला हे कळणंही शक्य नाही. एकाने गुणाकार ॲक्सलमध्ये केला, दुसऱ्याने गिअरबॉक्समध्ये.

ॲक्सलचा आकडा एकटा काहीच ठरवत नाही, हे माझं म्हणणं इथून सुरू होतं. चाकापर्यंत पोचतो तो गिअरबॉक्स, ॲक्सल आणि टायर या तिघांचा मिळून गुणाकार. चालू असताना गिअरबॉक्सकडे पर्याय असतात, त्यामुळे ॲक्सलची उणीव तो बऱ्याच अंशी भरून काढतो. जिथे पर्याय संपतात तिथे मात्र ॲक्सलचा आकडा उघडा पडतो. अशी जागा म्हणजे पहिला गिअर, कारण त्याच्या खाली काही नसतं. चढावर थांबलेला भरलेला ट्रेलर हलवायचा असतो, कॅम्पग्राउंडच्या उताराच्या वाटेवरून रिव्हर्स घ्यायचा असतो, बोट पाण्यातून वर काढायची असते. अशा वेळी ३.४२च्या ट्रकचा पहिल्या गिअरचा गुणाकार ११.०५ आणि ४.१०च्याचा १३.२४. जवळजवळ २० टक्क्यांचा फरक, आणि तो क्लचला किंवा ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला सोसावा लागतो.

कंपन्यांची ओढण्याची अधिकृत क्षमता ठरवताना याची परीक्षा होते. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ मानकानुसार १२ टक्के चढावर थांबलेल्या ट्रक-ट्रेलरला पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि तसंच रिव्हर्समध्येही निघता आलं पाहिजे. दुसरी परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढाची. बाहेर ३८ अंश सेल्सिअसची उष्णता, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांखाली येऊ द्यायचा नाही. मागे चार चाकं असलेल्या ड्युअली ट्रकला ३५ मैलांची सवलत. एकाच मॉडेलची, एकाच इंजिनाची ओढण्याची क्षमता दोन ॲक्सल रेशोंना वेगवेगळी छापलेली दिसते, त्याचं मूळ अशा परीक्षांत आहे.

आता जुना सल्ला कुठे कमी पडतो ते बघा. शेवरले सिल्व्हराडो एचडीच्या डिझेल ट्रकमध्ये २०१९ पर्यंत सहा गिअरचा ॲलिसन गिअरबॉक्स आणि ३.७३चा ॲक्सल असायचा. २०२० मध्ये दहा गिअरचा नवा गिअरबॉक्स आला आणि ॲक्सल ३.४२ झाला. जुन्या हिशेबाने हा ट्रक ओढायला कमजोर झाला असं म्हणावं लागेल. झालं उलटं: सर्वांत भारी आवृत्तीची क्षमता सुमारे २३ हजार पाउंडांवरून ३५,५०० पाउंडांवर गेली. त्यात नवीन चासी, कूलिंग, भक्कम ॲक्सल यांचा मोठा वाटा आहे. पण गिअरचं गणितही पाहण्यासारखं आहे. जुन्याचा पहिला गिअर ३.१०, त्याला ३.७३ ने गुणलं की ११.५६. नव्याचा पहिला गिअर ४.५४, त्याला ३.४२ ने गुणलं की १५.५३. ॲक्सलचा आकडा लहान झाला आणि उठाव तिसऱ्या हिश्शाने वाढला. फोर्ड सुपर ड्युटीच्या दहा गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर ४.६१५ आहे. त्यामुळे फोर्डचा ३.३१चा ट्रकसुद्धा १५.३ वर जातो, म्हणजे आपण वर पाहिलेल्या ४.१०च्या रॅमपेक्षा बराच पुढे.

म्हणूनच जुना ट्रक घेताना कुणी ‘याला ४.१० आहे, मस्त ओढतो’ म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारा: गिअरबॉक्स किती गिअरचा? नव्वदच्या दशकातल्या कमिन्सच्या डॉज ट्रकांना ३.५४ आणि ४.१० असे दोन पर्याय असत आणि ऑटोमॅटिक फक्त चार गिअरचा. त्या ट्रकला ४.१० हवाच असं म्हणणाऱ्याचं खरं होतं, कारण गिअरांमधली अंतरं मोठी होती. आठ-दहा गिअरच्या ट्रकवर तोच सल्ला तसाच्या तसा लावणं चूक आहे.

मग नव्या ट्रकमध्ये हा आकडा निरर्थक झाला का? नाही. त्यासाठी एका मोठ्या चढावर जाऊ. कोलोराडोत आय-७० हा महामार्ग डेन्व्हरकडून आणि डिलनकडून, दोन्ही बाजूंनी चढत आयझेनहॉवर बोगद्याला जातो. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि काही टप्प्यांत चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो. समजा ट्रक आणि ट्रेलर मिळून दहा टन वजन आहे. ताशी ८० किलोमीटरने हा चढ चढायला निव्वळ वजन वर उचलायलाच सुमारे २०५ हॉर्सपॉवर लागतात. टायरचा रोलिंगचा विरोध आणि ट्रेलरच्या रुंद तोंडावर आदळणारी हवा यांचे मिळून आणखी ७० ते ७५ धरा. चाकावर २८० म्हणजे वाटेतला तोटा धरून इंजिनावर ३०० च्या पुढे. वेग १०० केलात तर चाकावरच ३७० च्या वर लागतात. इंजिनाची एकूण ताकदच ३७०. म्हणजे १०० च्या वेगाने हा चढ तो ट्रक चढू शकत नाही, मग ॲक्सल ३.४२ असो की ४.१०. रेशो ताकद निर्माण करत नाही. असलेली ताकद कुठल्या वेगाला, कुठल्या फेऱ्यांवर हाताशी येईल इतकंच तो ठरवतो. हा भेद लक्षात आला की निम्मे वाद मिटतात.

८० च्या वेगाला मात्र फरक दिसतो. चाक मिनिटाला सुमारे ५२० वेळा फिरतंय. ४.१०चा ट्रक चौथ्या गिअरमध्ये २१३० आरपीएमवर असतो आणि तिथे इंजिन लागणारी ताकद देतं, म्हणून तो त्याच गिअरमध्ये शांतपणे चढत राहतो. ३.४२चा ट्रक चौथ्यात १७८० वर असतो. तिथे टॉर्क भरपूर, पण फेरे कमी असल्याने ताकद २८५ हॉर्सपॉवरच्या आसपासच. पुरत नाही, म्हणून तो तिसऱ्यात उतरून २५०० वर जातो. चढतो तोही, फक्त जास्त गर्जत. ३.७३चा ट्रक चौथ्यात १९४० वर म्हणजे अगदी काठावर असतो. चढ जरा वाढला की तिसरा, जरा कमी झाला की चौथा, असा तो सारखा खाली-वर करतो. सतत गिअर बदलण्याने गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि चालवणाऱ्यालाही शीण येतो. अशा वेळी गिअर हाताने तिसऱ्यात धरून ठेवावा, किंवा वेग पाच-सात किलोमीटरने कमी करावा. वेग ७० केलात की हीच मांडणी बदलते आणि दुसरा कुठलातरी ट्रक काठावर येतो. थोडक्यात, तुमच्या नेहमीच्या चढाला, नेहमीच्या वेगाला फेरे कुठे पडतात हे कागदावर काढून बघण्यासारखं आहे. दहा गिअरच्या ट्रकमध्ये मधली अंतरं इतकी लहान असतात की असं काठावर अडकणं फारच कमी होतं.

चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त वाटते, आणि रेशोच्या चर्चेत तो अनेकदा राहूनच जातो. बोगद्याच्या पलीकडे तेच दहा टन खाली लोटू लागतात. ब्रेकवर सगळा भार टाकला तर ते तापून निकामी होतात. त्या महामार्गावर ब्रेक गेलेल्या ट्रकांना रोखायला बाजूला रेतीच्या वाटा उगाच बांधलेल्या नाहीत. डिझेल ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो टर्बोमधून बाहेर जाणारी हवा अडवून इंजिनालाच ब्रेक बनवतो. त्याची पकड फेऱ्यांबरोबर वाढते: १५०० वर तो नावापुरता असतो, २५०० च्या आसपास चांगला काम करतो. त्याच गिअरमध्ये ४.१०च्या ट्रकचे फेरे जास्त, म्हणून रोखही जास्त. ३.४२च्या ट्रकनेही हे करता येतं, पण उतार सुरू होण्याआधीच एक गिअर खाली घेण्याची शिस्त हवी. टो-हॉलचं (ट्रेलर ओढतानाच्या मोडचं) बटण दाबलं की बरेच ट्रक हे आपोआप करतात. ते बटण फक्त चढासाठी आहे असं समजून माथ्यावर बंद करू नका.

टायरकडे वळतो. मूळ ३३ इंची टायर काढून दिसायला रुबाबदार ३७ इंची टायर बसवले, तर ॲक्सलला हातही न लावता रेशो बदलतो. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून ३.७३चा ट्रक ३.३३ सारखा वागू लागतो आणि ४.१०चा ३.६६ सारखा. उठाव दहा टक्क्यांनी गेला, ब्रेकवरचा भार वाढला, आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागला. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला मोठे टायर लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जुना ट्रक बघायला गेलात की टायरचा आकार दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहा. तिथे कंपनीने बसवलेला मूळ आकार छापलेला असतो.

त्याच दाराच्या चौकटीवर पेलोडचा आकडा असतो, म्हणजे ट्रकमध्ये माणसं, सामान आणि ट्रेलरच्या दांड्याचा दाब मिळून किती वजन चालेल ते. ट्रॅव्हल ट्रेलर आपल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) टाकतो, फिफ्थ व्हील (थेट ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) त्याहून जास्त. बऱ्याच घरगुती ट्रेलरवाल्यांची मर्यादा आधी इथेच संपते. ४.१० घेतल्याने पेलोड वाढत नाही. आधी हा आकडा पाहा, रेशो त्यानंतर.

आपल्याकडे पिकअप घेताना ॲक्सलचा असा पर्याय सहसा समोर येत नाही. मोठ्या गाड्यांत मात्र तोच विचार असतो: खाणीत आणि बांधकामावर चालणाऱ्या टिपरला मोठा आकडा, हायवेवर दिवसभर कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरला लहान. भरलेली गाडी खंबाटकीत कुठल्या गिअरला येणार हे त्यावर बरंचसं ठरतं.

निवड करताना मी असा विचार करेन. ट्रक दहा गिअरचा असेल, वर्षातले बहुतेक दिवस रिकामा चालणार असेल आणि ट्रेलर चार-पाच टनांचा असेल, तर लहान आकडा घ्या, ३.३१ किंवा ३.४२. त्यात काही गमावत नाही. सहा गिअरचा ट्रक असेल आणि ट्रेलर महिन्यातून एक-दोनदा लागणार असेल, तर ३.७३ हा मधला मार्ग चांगला आहे. सात-आठ टनांच्या वर, डोंगराळ भागात, नेहमीचंच काम असेल तर ४.१० किंवा ४.३० घ्या आणि डिझेलच्या थोड्या जास्त खर्चाबद्दल हळहळू नका. सपाट टेक्सासमध्ये मोठं ओझं पण चढ नाही, अशी स्थिती असेल तर निर्णय अवघड होतो. मग ट्रेलर किती वेळा थांबवून पुन्हा हलवावा लागतो यावर ठरवा. गावात, शेतात, बांधकामावर वारंवार थांबणं असेल तर मोठा आकडा.

हातातल्या ट्रकचा रेशो कसा ओळखायचा? शेवरले आणि जीएमसीच्या बऱ्याच जुन्या ट्रकांत ग्लव्ह बॉक्सच्या आत कोडांचं स्टिकर असतं. त्यात जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. फोर्डचा ॲक्सल कोड दाराच्या स्टिकरवर असतो. काही ट्रकांत डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या त्या फुगवट्याच्या) झाकणाच्या बोल्टवर धातूची छोटी पट्टी असते. यातलं काहीच हाती नसेल, किंवा मधल्या मालकाने क्राऊन-पिनियन बदलल्याचा संशय असेल, तर मोजून बघा. सपाट जागी पुढच्या चाकांना उटी (पाचर) लावा, मागचा ॲक्सल स्टँडवर नीट टेकवून मागची दोन्ही चाकं अधांतरी ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, फोर-बाय-फोर असेल तर टू-व्हील ड्राइव्हवर ठेवा, हँडब्रेक सोडा. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. दोन्ही चाकं एकाच दिशेला बरोबर एक फेरी फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायला दुसरा माणूस ठेवा. पावणेचारच्या किंचित अलीकडे थांबला तर ३.७३, चारच्या जरासा पुढे गेला तर ४.१०. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली मात्र कुणी जाऊ नये.

आणि बदलायचाच ठरवलात तर हे काम ट्रकच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगसारखं समजू नका. फोर-बाय-फोर ट्रकला पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचा रेशो सारखाच लागतो, म्हणून दोन्ही उघडावे लागतात. पिनियन किती खोल बसला, क्राऊनच्या दातात किती मोकळीक राहिली आणि बेअरिंगवर किती ताण आला, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांपर्यंत मोजून बसवावं लागतं. चांगला कारागीर क्राऊनच्या काही दातांना पिवळं रंगद्रव्य लावतो, हाताने फिरवतो आणि पिनियनने दातावर उमटवलेला डाग बघतो. डाग दाताच्या मधोमध आला तर बरोबर. टोकाला किंवा मुळाशी सरकला तर शिम (मध्ये बसवायच्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा सगळं जुळवतो. हे न करणाऱ्याच्या हातून आलेला ॲक्सल काही हजार किलोमीटरांत घरघरू लागतो. काम घेणाऱ्याला दातांचा तो डाग दाखवायला सांगा, फोटो मागा. नंतर कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो भरून घ्या, नाहीतर स्पीडोमीटर आणि गिअर बदलण्याची वेळ, दोन्ही चुकतील. पहिले आठशे किलोमीटर ट्रेलर लावू नका, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं चालवून ॲक्सल थंड होऊ द्या, आणि आठशे पूर्ण झाले की आतलं तेल बदला. त्या पहिल्या तेलात धातूचा बारीक कीस दिसेल, तो नव्या दातांचा असतो. बोटांना लागण्याइतके तुकडे दिसले तर ट्रक थेट त्याच कारागिराकडे न्या.